बंद घरातील परका : मुरूडचा वाडा, रामसे बंधूंचे भयपट आणि जुन्या फिल्मचा जीर्णोद्धार

अलिबागहून रेवदंडा, काशीद, नांदगाव असा किनारा धरून मुरूडकडे जाताना गाव येण्यापूर्वी डाव्याउजव्या झाडीतून एका टेकाडावर जंजिऱ्याच्या नबाबांचा वाडा दिसू लागतो. मोगल आणि गॉथिक अशा दोन ढंगांची सरमिसळ झालेली ही इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील आहे. खाली अरबी समुद्र आणि वर घुमट, कमानी व अरुंद उंच खिडक्या, असा तिचा थाट. वाडा आजही खाजगी मालकीचा असल्याने प्रवाशास तो रस्त्यावरूनच पाहावा लागतो. जंजिरा किल्ल्याविषयी इतिहाससंशोधकांनी पुष्कळ लिहिले आहे; या वाड्याविषयी फारसे कोणी लिहिलेले नाही. तथापि हिंदी चित्रपटांचा जो एक मोठा प्रेक्षकवर्ग जंजिऱ्याच्या सिद्दींविषयी काहीही जाणत नाही, त्याला हा वाडा चांगला परिचित आहे. मात्र त्याच्या खऱ्या नावाने नव्हे. रामसे बंधूंच्या भयपटांत या वाड्याने हवेलीची भूमिका केली आहे, आणि त्या संदर्भात १९८९ साली प्रदर्शित झालेल्या ‘पुरानी हवेली’चे नाव प्रथम घ्यावे लागते.

हे चित्रपट अल्प भांडवलात निघालेले, प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र घेऊन लहान गावांच्या थिएटरांत चाललेले आणि समीक्षकांनी बहुधा दुर्लक्षिलेले असे होते. त्यांपैकी काहींच्या मूळ निगेटिव्हवरून अलीकडे नव्याने स्वच्छ प्रती तयार झाल्या. हे चित्रपट कोणत्या परंपरेत बसतात, मुरूडसारख्या स्थळी ते का घडले, आणि त्यांचा जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, या तीन प्रश्नांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या वस्तूला प्रतिष्ठा नाही ती जपावी की नाही, हा वाद आपल्याकडे अद्याप नीट मांडलाच गेलेला नाही. आणि तो मांडला जाईपर्यंत फिल्म काही थांबून राहत नाही.

प्रथम परंपरेविषयी. कुटुंब घरात आहे, रात्र आहे, आणि दाराबाहेर कोणी तरी परका आहे, एवढ्या सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या चित्रपटांचा एक स्वतंत्र वर्ग पाश्चात्त्य समीक्षक मानतात. मराठीत त्यास गृहाक्रमणाचे चित्रपट म्हणण्यास हरकत नसावी. हा वर्ग चित्रपटकलेइतकाच जुना आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ मध्ये काढलेल्या ‘द लोन्ली व्हिला’ या एका रिळाच्या मूकपटात चोर घरात घुसतात, आई मुलींसह एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे हटत जाते आणि बाहेरगावी असलेला पती टेलिफोनवरून हे सारे ऐकतो. मग तार तुटते. एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी आळीपाळीने दाखवून प्रेक्षकाचा जीव टांगणीस लावण्याचे जे तंत्र पुढे सर्वत्र रूढ झाले, त्याच्या जडणघडणीत या चित्रपटाचे स्थान मोठे आहे. १९१३ मधील लोइस वेबर यांच्या ‘सस्पेन्स’मध्ये पडद्याचे त्रिकोणी तुकडे करून घरातील स्त्री, बाहेरील भटक्या आणि दूरचा पती हे तिघेही एकाच चौकटीत दाखविले आहेत. म्हणजे घराचा उंबरठा हा चित्रपटाच्या व्याकरणाचा एक जन्मदाताच ठरला.

पुढे या विषयाला स्वस्त आणि उग्र वळण लागले. अमेरिकेत ज्यांस ‘एक्स्प्लॉयटेशन’ चित्रपट म्हणत, ते याच वळणाचे. या शब्दाचे ‘शोषण’ असे भाषांतर केल्यास अर्थाची गल्लत होते. तेथील चित्रपट-व्यवसायात या शब्दाचा मूळ रोख जाहिरातबाजीकडे होता. नामांकित नटनट्या नाहीत, भव्य दृश्ये नाहीत. तेव्हा भीती, रक्त किंवा शरीरप्रदर्शन यांपैकी एखादी गोष्ट हाताशी धरून तिचाच डांगोरा पिटायचा आणि तिकिटे खपवायची, असा हा व्यवहार होता. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा सव्वा लाख डॉलरांहूनही कमी खर्चात झालेला चित्रपट, त्यात एका शेतघराला मृतांचा वेढा पडतो. पीटर ट्रेनर यांच्या ‘डेथ गेम’मध्ये (१९७७) पावसाळी रात्री दोन तरुणी एका गृहस्थाचे दार ठोठावतात, तो त्यांना आपण होऊन आत घेतो आणि स्वतःच्याच घरात बंदी होतो. या दोन्ही चित्रपटांचा गेल्या काही वर्षांत जीर्णोद्धार झालेला आहे. पहिल्याची कथा उद्बोधक आहे. प्रदर्शनापूर्वी चित्रपटाचे नाव बदलले, तेव्हा नव्या शीर्षकपाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालावयाची राहून गेली. त्या एका चुकीमुळे चित्रपट कोणाच्याही मालकीचा राहिला नाही, आणि कोणीही निघून त्याच्या वाटेल तशा निकृष्ट प्रती काढू लागला. अखेर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने व फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून २०१६ साली त्याचे शुद्ध रूप सिद्ध केले. पन्नास वर्षे मळकट म्हणून ओळखला गेलेला चित्रपट वस्तुतः छायाप्रकाशाच्या दृष्टीने किती काटेकोर होता, हे तेव्हा प्रथमच लोकांच्या ध्यानात आले.

आपल्याकडे हा विषय आला तो थोडा निराळा होऊन. १९६९ मधील यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेल्या या चित्रपटात गाणी नाहीत, आणि त्या काळी ही गोष्ट किती धाडसाची होती हे सांगावयास नको. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला मनुष्य वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसात एका एकट्या स्त्रीच्या बंगल्यात शिरतो. प्रेक्षक त्याला भितो. पण शेवटी कळते ते असे, की खरा गुन्हा तो येण्यापूर्वीच त्या घरात घडून गेलेला होता आणि करणारी व्यक्ती घरातीलच होती. तीस वर्षांनंतर रामगोपाल वर्मा यांनी काढलेल्या ‘कौन’मध्येही (१९९९) हीच उलटापालट आढळते. एकटी स्त्री, मोठे घर, पाऊस, दाराशी अनोळखी पुरुष. आणि भय मात्र दाराच्या आतल्या बाजूस.

या दोन चित्रपटांच्या मध्ये रामसे बंधूंचे भयपट ठेवून पाहिले म्हणजे एक समान सूत्र हाती लागते. त्यांच्या चित्रपटांची नुसती नावेच वाचावीत : ‘दरवाजा’ (१९७८), ‘गेस्ट हाऊस’ (१९८०), ‘हॉटेल’ (१९८१), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘तहखाना’ (१९८६), ‘डाक बंगला’ (१९८७), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाजा’ (१९९०). जवळजवळ प्रत्येक नाव एका वास्तूचे अथवा वास्तूच्या एखाद्या भागाचे आहे. नायकाच्या वा खलपुरुषाच्या नावाने चित्रपट काढण्याची रीत असलेल्या व्यवसायात ही गोष्ट नजरेत भरते. या मंडळींच्या दृष्टीने कथेचा नायक म्हणजे घर होते. आणि त्या घरातील परका बाहेरून येत नाही. तो तळघरात, पेटीत, भिंतीआड आधीपासूनच आहे. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी नामक दुष्टाचे शिर धडावेगळे करून शिर वाड्यात आणि धड जुन्या मंदिरापाशी असे दोन ठिकाणी ठेवलेले असते, आणि त्याच्या शापाने राजघराण्यातील स्त्रिया प्रसूतिसमयी मरण पावतात. दोनशे वर्षांनंतर त्या घराण्यातील मुलगी आपल्या मित्रांसह वाड्यात येऊन राहते व पुढचा अनर्थ ओढवतो. येथे आक्रमण करणारा कोण, असा प्रश्न विचारता येईल. शहरातून मोटारीत बसून आलेली तरुण मंडळीच शांत पडून राहिलेल्या वाड्यात घुसतात. बंद खोल्यांची कुलुपे काढतात ती तीच.

कोकणच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. वास्तूला राखणदार असतो, बंद घराचा उंबरठा ओलांडताना मान द्यावा लागतो, वहिवाटीविना राहिलेल्या घरात दिवा लावल्याखेरीज राहू नये, या समजुती येथे आजही ऐकू येतात. मराठीत नारायण धारपांनी आपल्या भयकथांतून अशा वाड्यांना एक वाचकवर्ग मिळवून दिला. धारपांचा वाचक आणि रामसेंचा प्रेक्षक हे एकच असत की काय, हे सांगणे कठीण आहे. परंतु घराविषयीचे दोघांचेही भय एकाच मुळातून आलेले दिसते. मुंबईत नोकरीस गेलेल्या माणसाने गावचे घर बंद करून ठेवावे आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहावे, हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील घरोघरचा अनुभव आहे. त्या बंद घराचे ओझे मनावर असलेल्या प्रेक्षकासमोर ‘पुरानी हवेली’ येते, तेव्हा तो केवळ मुखवट्याला भितो असे म्हणणे वरवरचे होईल.

आता या बंधूंच्या घराण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात मराठी वाचकाला अनपेक्षित वाटावी अशी एक गोष्ट आहे. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी त्यांच्या आडनावाचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि व्यापार करता करता चित्रपटनिर्मितीत शिरले. त्यांच्या ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटाचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’ या कादंबरीचे कर्ते. बेडेकरांनीच त्यांच्यासाठी पुढे ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) दिग्दर्शित केला. चित्रपट पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, असा एक प्रसंग होता, आणि प्रेक्षक तेवढ्यासाठी थिएटरात येतात असे फतेहचंदांच्या मुलांनी पाहिले, ही हकीकत रामसे बंधूंनी नंतर अनेकदा सांगितली आहे. सगळा चित्रपटच अशा प्रसंगांचा का काढू नये, असे त्यांनी वडिलांस विचारले. हिंदी भयपटाच्या एका मोठ्या शाखेचे बीज अशा रीतीने ‘रणांगण’कारांच्या एका अयशस्वी चित्रपटात पडले. बेडेकरांच्या साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या योगायोगाकडे अद्याप लक्ष दिलेले नाही.

बंधू सात. कुमार लेखन करीत, तुलसी व श्याम दिग्दर्शन पाहत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, आणि केशू निर्मितीबरोबर छायालेखनातही हातभार लावीत. १९७२ मधील ‘दो गज जमीन के नीचे’साठी सारे कुटुंब महाबळेश्वरास जाऊन राहिले, घरातील स्त्रियांनी स्वयंपाक सांभाळला आणि थोड्या आठवड्यांत चित्रण उरकले. स्टुडिओतील देखाव्याचे भाडे पाळीवर मोजले जाते, शिवाय सुतार व रंगारी यांचा खर्च निराळा. याउलट एखादा ओस पडलेला वाडा वा विश्रामगृह मिळाले, की राहण्याची जागा आणि चित्रणाची जागा एकच. रात्री दिवे लावावेत आणि कॅमेरा सुरू करावा. नामांकित नट घ्यावयाचा नाही, म्हणजे त्याच्या तारखांसाठी खोळंबा नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर आणि मराठी रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर आहेत, पण जाहिरातीत मिरवावयाचा तो उंच्यापुऱ्या अजय अगरवाल यांनी साकारलेला सामरी.

येथे भांडवल व कला यांचा संबंध फार स्पष्ट दिसतो. एकाच जागी, एकाच मुक्कामात चित्रण करावयाचे म्हटल्यावर कथाही त्या जागेबाहेर जाऊ शकत नाही. मग जिना, माडी, तळघर, मागील दार आणि विहीर यांतूनच प्रसंग काढावे लागतात. नाट्यशास्त्रकार ज्याला स्थलैक्य म्हणतात, ते येथे सिद्धान्तातून न येता हिशेबाच्या वहीतून आले. मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेल्या मुरूडला सामान एका दिवसात नेता येई, आणि तेथे अस्सल दगडाचा, अस्सल पडझडीचा वाडा उभा होता. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले. राजवाडे राहिले, पण ते सांभाळणारी व्यवस्था उरली नाही. संस्थाने गेल्यावर त्यांच्या वाड्यांचे काय झाले, याचे एक उत्तर सरकारी कागदपत्रांत सापडते आणि दुसरे या भयपटांत.

अर्थात चित्रपटात शिरताना वाडा आपला इतिहास बाहेरच ठेवून येतो. रामसेंच्या कथांत ठाकूर असतात, त्यांचे खानदान असते, शाप असतो. त्रिशूळ आणि मंदिर असते. हबशी वंशाचे सिद्दी, त्यांचे आरमार, नबाब सिदी अहमदखानांची दीर्घ कारकीर्द, यांपैकी काहीही तेथे नाही. कोकणात ज्याला आपण वाडा म्हणतो त्याला पडद्यावर ‘हवेली’ हे उत्तरेकडील नाव मिळते. ही एक प्रकारची बळकावणीच होय, आणि तिच्याविषयी मुरूडकरांनी तक्रार केल्यास ती गैर म्हणता येणार नाही. परंतु नाण्याची दुसरी बाजू अशी, की १९८० नंतरच्या दशकात त्या इमारतीचे जिने, छत, लाकूडकाम आणि भिंतींचा गिलावा कसा होता, हे हलत्या चित्रांत नोंदले गेले आहे. इमारत खाजगी, समुद्राचा खारा वारा अखंड, आणि पावसाळा चार महिन्यांचा. आज तेथे उभे राहून जे पाहता येणार नाही ते एका स्वस्त भयपटाच्या चौकटीत शिल्लक असू शकते. मात्र दिवे हिरवे-तांबडे, धूर सोडलेला, आणि एका खोलीचे दार उघडून दुसऱ्याच ठिकाणच्या खोलीत प्रवेश, हा तर चित्रपटाचा नित्याचा खेळ. तेव्हा पुरावा म्हणून या चित्रांचा उपयोग करताना फार सावध राहावे लागेल.

या चित्रपटांतील दोषांविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. स्त्रीदेहाचे प्रदर्शन कथेच्या गरजेशी काडीमात्र संबंध नसताना केलेले आहे, विनोदी उपकथा कंटाळवाण्या आहेत, आणि परदेशी चित्रपटांतील प्रसंग निःसंकोच उचललेले आहेत. कोणी त्यांस उच्च कलाकृती म्हणू लागल्यास आम्ही त्या पक्षात नाही. परंतु जतन करण्याची कसोटी केवळ कलामूल्य असती, तर पुराभिलेखागारातील निम्मी दप्तरे जाळून टाकावी लागली असती. जमाखर्चाची वही कोणी सुंदर म्हणून जपत नाही.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. चित्रपटाची फिल्म ही मुळात एक रासायनिक वस्तू आहे. पारदर्शक पट्टी हा तिचा पाया, आणि त्यावर सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा, थर. चित्र असते ते या थरात. आरंभीच्या काळातील पाया नायट्रेटचा असे, व तो भयंकर ज्वालाग्राही होता. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुना ठेवा नष्ट झाला, ही जखम मराठी चित्रपटाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. पुढे ॲसिटेटचा पाया आला. त्यास ‘सुरक्षित फिल्म’ म्हणत, आणि आगीपुरते ते खरेही होते. पण दमट हवेत ॲसिटेटचे विघटन होऊन त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, म्हणजेच शिरक्याचे आम्ल. डबा उघडताच आंबूस वास येतो तो याचाच. सुटलेले आम्ल पुढील विघटनाचा वेग आणखी वाढविते, त्यामुळे एकदा आरंभ झाला की ही क्रिया मागे फिरविता येत नाही. थंडीने ती केवळ मंदावते. पट्टी आकसते, वाकडी होते, ठिसूळ बनते, आणि अखेर चित्राचा थर पायापासून सुटून येतो. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांवर राहते अशा कोकणपट्टीत व मुंबईत, साध्या गोदामात ठेवलेल्या फिल्मची अवस्था काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको. त्यावर बुरशी येते ती वेगळीच. सरस हे तिचे आवडते खाद्य होय.

रंगीत फिल्मचा रोग आणखी एक आहे. कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचे असते. म्हणूनच जुने मूकपट व बोलपट चांदी काढण्यासाठी वितळविले गेले. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यांपैकी हाताशी आहेत ते तीसच्या आसपास. रंगीत फिल्म धुताना चांदी काढून टाकतात, आणि उरतात ती केवळ तीन रंगद्रव्ये. तिन्ही सारख्या गतीने उडत नाहीत. जुन्या प्रतींत निळसर-हिरवे द्रव्य सामान्यतः आधी जाते आणि सारे चित्र गुलाबी-तांबूस दिसू लागते. रामसेंच्या चित्रपटांत रंगीत काचकागद लावलेल्या दिव्यांचा हिरवा, निळा व लाल उजेड हेच भयाचे मुख्य साधन होते. तांबूस पडलेल्या प्रतीत ते साधनच नाहीसे होते. अशी प्रत पाहून हे छायालेखन गबाळे आहे असा निवाडा ज्यांनी दिला, त्यांनी चित्रपट पाहिलाच नाही, त्याचे कलेवर पाहिले.

शिवाय लहान गावांत पोहोचणारी प्रत बहुधा अनेक थिएटरांत घासून आलेली असे. तुटलेल्या जागी दोन-चार चौकटी कापून चिकटवायच्या, असे दहादा झाले की वाक्ये अर्धवट राहत. मग व्हिडिओ कॅसेटींचे युग आले, आणि तीच खराब प्रत आणखी पुसट होऊन घरोघर गेली. प्रस्तुत लेखकाने ‘पुराना मंदिर’ प्रथम पाहिला तो अशाच कॅसेटवर. सामरी दिसतो केव्हा आणि अंधार असतो केव्हा, हे आवाजावरूनच ठरवावे लागले.

जीर्णोद्धार करणारा म्हणून प्रथम मूळ निगेटिव्ह शोधतो. कॅमेऱ्यातून निघालेली, संकलनानंतर जोडलेली ती पट्टी. तिच्यापासूनच पुढच्या साऱ्या प्रती निघतात. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म, आणि सेकंदास चोवीस या हिशेबाने दोन लाख सोळा हजार चौकटी. आकसलेल्या पट्टीची भोके यंत्राच्या दातांत बसत नाहीत. म्हणून आता ती केवळ रुळांवरून सरकविणारी यंत्रे वापरतात व प्रत्येक चौकटीचे अंकीय चित्र घेतात. मग धूळ, ओरखडे, सांध्यांवरील उडी, उजेडाची लुकलुक दूर करावयाची. ध्वनीची पट्टी स्वतंत्र असते. तीही मिळावी लागते व चित्राशी जुळवावी लागते. सेन्सॉरने कापलेले भाग ही तर वेगळीच डोकेदुखी आहे. कात्री निगेटिव्हवरही चाललेली असेल, तर कापलेला तुकडा बहुधा कायमचा गेलेला असतो, आणि एखाद्या जुन्या प्रतीत तो राहून गेला असल्यास तेवढाच भाग निकृष्ट दिसतो. तो घालावा की गाळावा? प्रेक्षकांनी प्रत्यक्ष थिएटरात पाहिले ते मूळ मानावे, की दिग्दर्शकाने काढले ते? हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांस हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, कारण त्यातील धोकाही कोकणात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार म्हणून लाकडी सभामंडप पाडायचा, सिमेंटचा कळस चढवायचा, चकाकणाऱ्या फरश्या बसवायच्या आणि दगडी मूर्तीला ऑइलपेंट फासायचा, हे आपण ठिकठिकाणी पाहतो. फिल्मच्या बाबतीतही हेच घडू शकते. फिल्मच्या थराचा नैसर्गिक कण पुसून टाकला की चेहरे मेणाचे दिसतात. अंधार उजळला की भीती जाते. रंग आजच्या आवडीप्रमाणे बदलले की तो त्या काळचा चित्रपट राहत नाही. भयपटात तर मुखवट्याची शिवण दिसू नये इतपतच उजेड छायालेखकाने ठेवलेला असतो. यंत्राच्या साह्याने तो वाढविणारा मनुष्य चित्रपटावर उपकार करीत नाही.

रामसेंच्या सहा भयपटांचा संच मोंदो माकाब्रो या परदेशी कंपनीने २०२३ साली काढला. त्यात ‘पुराना मंदिर’ आणि ‘पुरानी हवेली’ हे दोन्ही आहेत. निगेटिव्हवरून केलेल्या या नव्या प्रतींत हिरवा उजेड पुन्हा हिरवा झाला आहे. ही कंपनी लहान आहे, आणि जगभरचे असे उपेक्षित चित्रपट शोधून काढणे हाच तिचा व्यवसाय. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली सुमारे बावीसशे चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी २०२२ मध्ये ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१४ पासून मोलाचे काम करीत आहे. या प्रयत्नांत पहिला मान नावाजलेल्या कृतींना मिळतो आणि तो मिळणे स्वाभाविक आहे. पण परिणाम असा झाला, की मुरूडच्या वाड्यातील चित्रे स्वच्छ होऊन परत आली ती परदेशी छंदिष्टांच्या पैशावर, परदेशी बाजारासाठी. मुरूडच्या बाजारपेठेत तो संच मिळणार नाही. आम्हांस यात कोणाचा दोष दाखवावयाचा नाही. तुलसी रामसे २०१८ मध्ये व श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या कामाविषयी आपल्या विद्यापीठांतून त्यांच्या हयातीत किती लिहिले गेले, हे प्रत्येक विभागाने स्वतःस विचारावे.

रामसेंच्या फिल्म निदान कोणी तरी शोधल्या. त्याच वर्षांत निघालेले आणि एकदा जत्रेतील तंबूत चालून गेलेले कित्येक लहान मराठी चित्रपट तेवढेही भाग्यवान नाहीत. बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यावर, वितरकांच्या वारसांकडे, प्रसंगी भंगारवाल्याकडे अशा रिळांचे डबे अजून सापडतात. किनाऱ्यावरील गावांत ते आढळल्यास पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. डबा उघडताना आंबूस वास आल्यास ती रिळे इतर रिळांपासून तत्काळ वेगळी ठेवावीत, कारण सुटलेले आम्ल शेजारच्या डब्यांसही बाधते. फिल्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये. तळमजल्यावर अथवा समुद्राकडील भिंतीस लागून ठेवू नये. उन्हात वाळवू तर मुळीच नये. आम्लाचा अंदाज घेण्यासाठी रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात ठेवलेली निळी पट्टी हिरवी झाल्यास विघटन सुरू झाले आहे आणि पिवळी झाल्यास वेळ फार थोडा उरला आहे असे समजावे. डब्यावरची जुनी चिठ्ठी फाडू नये, कारण चित्रपटाचे नाव, रिळाचा क्रमांक आणि प्रयोगशाळेची खूण बहुधा तेवढ्याच जागी लिहिलेली असते. फिल्म प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह आवरावा. आकसलेली पट्टी पहिल्याच फेरीत फाटते.